उचलीच्या वहीतलं नाव

(तालुका पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

फळ्यावर विषय लिहिलाय, 'लोककला आणि शासनाचा आधार'. मघाशी चहाच्या वेळी एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "सकाळी पोटगी झाली, दुपारी रेशन आहे. मधेच हे लोककला कुठून काढलं? सांस्कृतिक कार्यक्रम रात्री आहे ना?" मला तिचा राग आला नाही. दहा वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. कला म्हणजे आपल्या लेखी रात्रीच्या जेवणानंतरची गोष्ट. गाणी म्हणायची, फेर धरायचा आणि सतरंज्या टाकून झोपायचं. पण रात्री नाचून जिचं दिवसाचं पोट भरतं, ती बाई आपल्या शिबिरांच्या विषयांत कधी येत नाही. म्हणून मी सगळ्या लोककलांवर बोलत नाही. तमाशावर बोलते. त्यातही तमाशातल्या बाईवर, आणि सरकारच्या पैशातलं तिच्या हातात काय पडतं यावर.

आधी माझीच एक चूक सांगते. एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर मला पहिली नोकरी ज्या संस्थेत लागली, तिच्याकडे तमाशा कलावंत महिलांच्या 'पुनर्वसना'चा प्रकल्प होता. चार शिलाई मशिनी, एक शिक्षिका, सहा महिन्यांचा वर्ग. हायवेलगतच्या एका संगीत बारीच्या थिएटरामागे पत्र्याची खोली घेतली होती. दुपारी दोनला मी बायकांना गोळा करायला जायची. रात्रभर जागलेल्या बाया, केस बांधत, जांभया देत यायच्या. पहिल्याच आठवड्यात चाळिशीतल्या एका बाईंनी विचारलं, "ताई, एका ब्लाउजचे किती सुटतात?" मी आकडा सांगितला. "आन् दिवसाला किती व्हत्यात?" तेही सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "मला अदा शिकवायला माझ्या मावशीनं बारा वर्सं घातली. तुम्ही ती सहा म्हयन्यात इसरायला लावनार व्हय?" सगळ्या हसल्या. मीही ओशाळून हसले. मग त्या जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "गुडघं गेल्यावर काय करायचं ते सांगा. तुमच्या मशिनीलाबी पायच लागत्यात."

तो प्रकल्प दीड वर्षात गुंडाळला गेला. मशिनींचं काय झालं ते विचारू नका. पण गुडघ्यांचा तो प्रश्न माझ्यामागे राहिला.

ज्यांनी तमाशा सिनेमातच पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. तमाशा मुख्यतः दोन तऱ्हांचा. एक ढोलकी फड. तंबू, ट्रक, जनरेटर, मोठा फड असेल तर शंभराच्या आसपास माणसं. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतो. दुसरी संगीत बारी. चौफुल्याला, मोडनिंबला थिएटरं आहेत, तिथे एकेका बाईच्या नावाच्या पार्ट्या मुक्कामाला असतात. आळीपाळीने बारी करायची, मग गिऱ्हाईक मागेल तशी बैठक. बैठकीच्या पैशात थिएटरवाल्याचा वाटा, वाजवणाऱ्यांचा वाटा, उरेल ते पार्टीचं. बारीत मुख्यतः कोल्हाटी समाजातल्या मुली. नाचणारीचं लग्न होत नाही, घरातल्या सगळ्यांची पोटं तिच्यावर. तिच्या कमाईवर भावाचं लग्न होतं, आणि भावाची बायको मात्र नाचत नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं तेव्हा आपल्यापैकी अनेकींच्या थोरल्या मैत्रिणींनी ते रडत वाचलं होतं. रडून झाल्यावर त्या थिएटरांत गेलेल्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

शर्मिला रेगे गेल्या. त्या त्यांतल्या एक होत्या. लावणी करणाऱ्या बायांवर त्यांनी नव्वदच्या दशकात जे लिहिलं, ते मी प्रकल्प बंद पडल्यावर वाचलं; खरं म्हणजे आधी वाचायला हवं होतं. त्यांच्या मांडणीतून मला एवढं उमगलं की लावणीतला शृंगार हा काही एखाद्या बाईच्या स्वभावाचा भाग नाही, जातीने ठरवून दिलेलं ते काम आहे. श्रम आहेत ते. वरच्या जातीच्या घरातली स्त्री 'पवित्र' राहावी म्हणून खालच्या जातीच्या बाईकडून ते श्रम करून घेतले गेले. आणि श्रम म्हटलं की आपल्याला, चळवळीतल्या बायांना, पुढचे प्रश्न विचारता येतात. मजुरी किती? कोण देतं? खाडा झाला तर? बाळंतपण आलं तर? म्हातारपणी?

बाळंतपणाचंच घ्या. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच कळा सुरू झाल्या, कनातीमागे मूल झालं, नाळ दगडाने तोडली आणि त्या पुन्हा नाचायला आल्या. प्रेक्षकांना कळलं तेव्हा लोक हेलावले. ही गोष्ट आपण कलेवरच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो. शाळांच्या कार्यक्रमांतही सांगतात. मला ती ऐकताना हल्ली निराळंच सुचतं. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती? तिच्या जागी उभी राहायला दुसरी का नव्हती? त्या दिवशीची सुपारी बुडाली असती तर शंभर माणसांची चूल बंद राहिली असती, हेच ना त्याचं उत्तर? शेतात खुरपताना बाळंत झालेल्या बाईची गोष्ट आपण निष्ठा म्हणून सांगत नाही. तिथे आपल्याला लगेच मालक दिसतो.

आता गंमत बघा. १९६१ चा मातृत्व लाभाचा कायदा कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी होता. १९७३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि घोड्यांचे, कसरतीचे 'व इतर' खेळ करून दाखवणारे व्यवसायही आत आले. डोळ्यासमोर सर्कस असणार. पण 'इतर' या शब्दात ढोलकीचा फड बसत नाही असं कुणी म्हणावं? तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. मधल्या इतक्या वर्षांत फडातल्या एखाद्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळाली, असं मी एकीच्याही तोंडून ऐकलेलं नाही. विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत, दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण पुरस्कार वर्षाला एकाला मिळतो, आणि गुडघे सगळ्यांचेच जातात.

तर गुडघे गेल्यावर सरकार काय देतं? वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आपल्या राज्यात १९५४-५५ पासून आहे. एवढी जुनी योजना फार थोड्या राज्यांत असेल, याचा अभिमान जरूर बाळगा. अगदी अलीकडेपर्यंत त्यात तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीचा कलावंत तो 'अ', राज्य पातळीचा 'ब', आणि स्थानिक तो 'क'. 'अ'ला महिना ३१५०, 'ब'ला २७००, 'क'ला २२५० रुपये. स्थानिक म्हणजे क वर्ग! आयुष्यभर खेड्यापाड्यांत नाचली तिला 'क'. मार्च २०२४ मध्ये हे वर्ग गेले, सरसकट ५००० रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. हा बदल खरोखर चांगला आहे. वयाची पन्नाशी हवी, कलेतली १५ वर्षं हवीत आणि त्याचा पुरावा हवा.

पुरावा. इथे आम्ही अडकलो.

गेल्या दोन वर्षांत मी अशा अर्जांमागे फिरते आहे. त्यातल्या एका मावशींचं सांगते. वय साठीच्या आतबाहेर. निरनिराळ्या फडांतून अठ्ठावीस हंगाम केले. गौळणीत उभ्या राहिल्या, वगात राणी झाल्या, सटवाईही झाल्या. आता बहिणीच्या पत्र्याच्या खोलीत असतात. अर्जाला जोडायचे कागद म्हणजे प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, कार्यक्रमांच्या पत्रिका, फोटो. मावशींकडे त्यातलं काही नाही. मी म्हटलं, फडाची जुनी जाहिरातपत्रकं तरी असतील. ती मिळाली. एका यात्रेच्या गावी देवळाच्या कोठीत जपून ठेवलेली होती. वर मालकाचं नाव ठसठशीत, खाली सोंगाड्याचं नाव, वगाचं नाव, आणि त्याखाली 'सोबत बारा देखण्या नृत्यांगना'. मावशींनी पत्रक हातात घेतलं, चष्मा नव्हता, मीच वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्या बारांतली मी डावीकडनं तिसरी."

हे काही आजचं नाही. पवळाबाई हिवरगावकर ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानतात. त्याआधी बाईचं काम पोऱ्या करायचा. तिच्याबद्दल बोलतानासुद्धा आपण 'पठ्ठे बापूरावांची पवळा' म्हणतो. पवळाबाईचे बापूराव असं म्हणून बघा, कानाला खटकतं की नाही!

मावशींना मग आठवलं की एका फडाचे जुने मॅनेजर अजून आहेत. आम्ही दोघी दोन एस.टी. बदलून त्यांच्या गावी गेलो. म्हातारे गृहस्थ, मोठे सज्जन. मावशींना पाहून उठून उभे राहिले. पत्र्याची पेटी उघडली, आत लाल पुठ्ठ्याच्या वह्या, हंगामाप्रमाणे लावलेल्या. उचलीच्या वह्या. ऊसतोडीच्या बायांबरोबर काम करणाऱ्यांना उचल म्हणजे काय हे सांगायला नको. हंगामाच्या तोंडावर मालक एकरकमी पैसे देतो, मग ते फिटेपर्यंत नाचायचं. फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या माथी. दुसऱ्या फडात जायचं तर नव्या मालकाने जुन्याची उचल भागवायची, म्हणजे बाई एका वहीतून दुसऱ्या वहीत. त्या वह्यांत मावशींचं नाव होतं. पूर्ण नाव, आईच्या नावासकट. पुढे 'नर्तकी'. पुढे उचलीची रक्कम. खाली वजावटी: औषध, चप्पल, मुलाच्या शाळेचे. एका वर्षी 'बाळंतपण, खाडे २१'. एकवीस दिवसांचे पैसे कापलेले.

अठ्ठावीस वर्षं ती बाई कलावंत होती, याची नोंद या जगात एवढीच. तिच्या कर्जाच्या हिशेबात.

आम्ही वह्यांच्या झेरॉक्स काढल्या, अर्जाला जोडल्या. कचेरीतल्या साहेबांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, हा उधारीचा पुरावा आहे, कलेचा नाही." अर्ज 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून परत आला. साहेब वाईट माणूस नव्हते. आम्हाला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. त्यांच्याकडच्या यादीत उचलीची वही नव्हती, एवढंच.

आता अनुदानाकडे येते. राज्य सरकार तमाशाच्या फडांना, दशावताराला, खडीगंमतीला, शाहिरी पथकांना अनुदान देतं. ते मिळावं म्हणून फडमालकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले आहेत आणि त्यांची अडचण खोटी नाही. डिझेल, तंबू, ट्रकचे हप्ते, पोलीस परवानगी. मालकसुद्धा सावकाराच्या दारात उभा असतो. कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे यांच्यासारख्या बायांनी स्वतः फड चालवले आहेत, त्यांना विचारलं तर रात्रभर हिशेब सांगतील. म्हणून मालक म्हणजे खलनायक असं मला म्हणायचं नाही. पण पैसा फडाच्या नावाने येतो आणि फडावर थांबतो. त्यातून कुणाची उचल कमी झाली का, बायांच्या राहुटीला आडोसा झाला का, कुणाच्या नावाने बँकेत मजुरी जमा झाली का, हे विचारण्याची पद्धत मला कुठे दिसली नाही. बचत गटाच्या कर्जाला आपण दहा कागद मागतो. इथे बारा नृत्यांगनांची नावंसुद्धा कुणी मागत नाही.

नावं मागितली तर काय होतं, ते टाळेबंदीने दाखवलं. नारायणगावला दरवर्षी पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपाऱ्या ठरवतात. हंगामाची अर्धीअधिक कमाई या चैत्र-वैशाखातल्या यात्रांची. २०२० साली पाडवा आला २५ मार्चला. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चलाच. पुढच्या वर्षीचा चैत्रही तसाच गेला. त्याच मे महिन्यात कांताबाईही गेल्या. उचल मात्र टाळेबंदीत थांबली नाही. काम नाही, म्हणून फिटलीही नाही. २०२१ मध्ये सरकारने एकेकट्या कलाकारांना एकरकमी पाच हजारांची मदत जाहीर केली. तेव्हाही पुन्हा तेच: तुम्ही कलाकार असल्याचं दाखवा. ज्यांची नावं कुठल्या यादीत आधीपासून होती त्यांना सोपं गेलं. आमच्या ओळखीच्या बायांनी त्या दोन वर्षांत डाळिंबाच्या बागेत काम केलं, मुंबईला धुणीभांडी केली, दोघींनी कानातलं मोडलं आणि एक परत आलीच नाही.

आता तुमच्या मनातला अवघड प्रश्न. पुढच्या रांगेतले पुरुष शिट्ट्या मारतात, नोटा दाखवून जवळ बोलावतात, असल्या कलेला सरकारने पैसा द्यावा असं स्त्रियांच्या संघटनांनी का म्हणावं? ती बंद व्हावी असं का म्हणू नये?

बंद करून पाहिलेलं आहे. १९४८ साली मुंबई सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली होती. कलावंत रस्त्यावर आले, मग बंदी उठली ती संहिता तपासून घ्यायच्या अटीवर. त्यातून कात्री आली, वग 'सुधारला', बाईची उचल होती तिथेच राहिली. २००५ साली डान्स बार बंद केले तेव्हा आपल्या चळवळीतही उभे दोन तट पडले होते, तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बारमध्ये नाचणाऱ्यांत पिढीजात नाचगाणं करणाऱ्या जातींच्या पुष्कळ मुली होत्या. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ती बंदी टिकू दिली नाही, पण मधल्या आठ वर्षांत त्या कुठे गेल्या, कुणाच्या ताब्यात गेल्या, याचा हिशेब बंदी मागणाऱ्यांपैकी कुणी दिला नाही. नाच बंद झाला म्हणजे शोषण बंद झालं असं होत नाही. शोषण फक्त कनातीआड जातं.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याचा पैसा त्याची फर्माईश. आज बाईच्या हातात रोख पैसा येतो तो दौलतजाद्याचा, पुढच्या रांगेतून, आणि पैशाबरोबर फर्माईशही येते. अलीकडे डीजेवर दोन तास नाचून जाण्याच्या सुपाऱ्या निघाल्या आहेत. ढोलकीवाल्याला रजा, वगाला रजा, वय पंचविशीच्या वर गेलेल्या बाईलाही रजा. बावीस वर्षांच्या पोरीला उभं करायचं. बसून लावणी गाणारी, एका ओळीवर निरनिराळ्या तऱ्हांनी अदा करणारी बाई कुणाला परवडत नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर १९१५ सालच्या, २०१८ साली गेल्या, तोवर बसल्या जागी अदा कशी करतात हे दाखवत होत्या. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. पण ती अदा पुढच्या मुलीला शिकवायला कुणाकडे वेळ आणि पगार आहे? पुढच्या रांगेतला पुरुष म्हातारीच्या अदेला पैसे देणार नाही. ते कुणी तरी सगळ्यांच्या वतीने द्यायला हवेत. सगळ्यांच्या वतीने म्हणजे सरकारच्या तिजोरीतून, आणि ते पोचायला हवेत बाईच्या खात्यात. त्याने दौलतजादा बंद होणार नाही हे मलाही कळतं. पण नको त्या बैठकीला नाही म्हणताना तिच्या पाठीशी पाच हजार का होईना, असतील.

मग मागायचं काय? अनुदानाच्या अर्जाला फडातल्या प्रत्येकीच्या नावाचं हजेरीपत्रक जोडायला लावा. तीच नावं पुढे मानधनाचा पुरावा धरली जावीत. उचलीची वही पुरावा म्हणून चालावी, असं तर लेखी हवंच. यात्रेच्या मैदानावर बायांसाठी मोरी आणि संडास. मैत्रिणींनो, पाच महिने ज्वारीच्या रानात जाणाऱ्या बाईला विचारा संस्कृती म्हणजे काय! आश्रमशाळेचं वर्ष आणि फडाचा हंगाम जुळत नाही, त्यामुळे पोरं मागे आजीकडे राहतात किंवा ट्रकमध्ये वाढतात; त्यांच्यासाठी वसतिगृह मागायला हवं. छेडछाडीची तक्रार मालकाविरुद्ध असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे आपण तंबूत जाऊन सांगितलं पाहिजे. आम्ही सांगितलं तेव्हा बाया म्हणाल्या, "समिती कुठल्या गावी बसती?" त्यांचा प्रश्न रास्त होता. फड आज इथे, उद्या साठ मैलांवर.

आणि हे सगळं मागताना कात्री मागायची नाही. कुठली लावणी सभ्य हे ठरवायला आपण बसलो, तर १९४८ सालच्या साहेबांत आणि आपल्यात फरक उरणार नाही. संस्कृतिरक्षक आपल्या बाजूला येऊन बसतील, त्यांना हळूच उठवावं लागेल.

एक घरचं सांगते आणि थांबते. आमच्या गावच्या यात्रेत रात्रीच्या तमाशाला बायका जात नसत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे हजेरी व्हायची. कुस्त्यांच्या आधी फड थोडा वेळ नाचगाणं करायचा. तेव्हा आमची आजी, काकू, शेजारच्या सगळ्या माडीच्या खिडकीत दाटीवाटीने उभ्या राहून बघायच्या. मी काकूच्या कडेवर. काकू एका नाचणारीच्या पायांकडे बघत म्हणाली होती, "घोटे सुजल्यात बाई तिचे." वर्गणी आमच्याही घरातून गेली होती, खेळ रात्रीचा पुरुषांचा, आमच्या वाट्याला खिडकी. शहरात आता 'फक्त महिलांसाठी' म्हणून लावणीचे प्रयोग होतात, बायका टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतात. गावच्या यात्रेतली एक वेळ बायकांसाठी ठेवा, असं ग्रामसभेत सांगायला काय हरकत आहे? वर्गणी देतो ना आपण?

त्या मावशींचा अर्ज आम्ही पुन्हा भरतो आहोत. त्या वह्यांत त्यांनी नाचलेल्या गावांची नावं तारखांसकट आहेत. मी त्यांची यादी केली, ४३ गावं भरली. त्यातली सात-आठ इथे बसलेल्यांची आहेत, मी नोंदवहीत पाहिलं. यात्रा कमिटीच्या जुन्या माणसांकडून 'अमुक साली ही बाई आमच्या गावी नाचली' एवढं दोन ओळींचं पत्र हवं आहे. कमिटीतले पुरुष टाळाटाळ करतील. तेव्हा घरी सासूबाईंना, आजेसासूबाईंना विचारा. माडीवरून कुणी ना कुणी पाहिलं असेल. त्यांनी अंगठा दिला तरी चालेल, बघू साहेब काय म्हणतात. मावशींचा तेव्हाचा एक फोटोही मिळालाय, त्याची प्रत यादीला लावली आहे. डावीकडून तिसऱ्या त्या.

जेवायला बोलावताहेत. यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवते, पेन बांधून ठेवलंय. आपलं गाव दिसलं तर पुढे नाव आणि फोन लिहून ठेवा.